निळं का आलं?

"हे जांभळं हाय न्हवं? मग हितं निळं कसं आलं?"

सप्टेंबर सरत आलेला, सकाळचे दहा वाजून गेलेले. कासच्या पठारावर वाटेच्या कडेला एक बाई उकिडव्या बसून मोबाइलच्या स्क्रीनकडे आणि समोरच्या फुलाकडे आळीपाळीनं बघत होत्या. फूल सीतेच्या आसवांचं. करंगळीच्या नखाएवढं, देठ दोऱ्यासारखा, वाऱ्यानं सतत डुलणारा. उन्हात स्क्रीनवर काही दिसेना म्हणून त्यांनी डोक्यावरचा पदर एका हातानं ताणून फुलावर आणि फोनवर सावली धरली होती. शेजारी उभी असलेली मुलगी न वाकताच म्हणाली, "आई, घरी गेल्यावर एडिट करून देते." त्यावर उत्तर आलं, "एडिट नगं. हाय तसं येऊ दे की." आणखी दोन फोटो निघाले. दोन्ही निळेच. तेवढ्यात पठार सांभाळणाऱ्या समितीच्या माणसानं लांबून शिट्टी फुंकली, कुणीतरी वाट सोडून फुलांत उतरलं होतं. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या आणि माय-लेकी कुमुदिनी तळ्याच्या वाटेला लागल्या.

प्रश्न तिथंच राहिला, फुलापाशी.

त्याचं अर्धं उत्तर कॅमेऱ्याच्या पोटात आहे. आपल्या डोळ्यात लाल रंग टिपणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्या उजेडाच्या पार दुसऱ्या, जांभळ्या टोकालाही किंचित जाग्या होतात. म्हणून इंद्रधनुष्याचं ते टोक आपल्याला नुसतं निळं दिसत नाही, त्यात थोडा तांबूसपणा मुरल्यासारखा वाटतो. कॅमेऱ्यात उजेड टिपणारी जी चकती असते, त्या सेन्सरवरची लाल गाळणी त्या टोकाला बहुतेक वेळा गप्प बसते. शिवाय जांभळ्या पाकळीवरून निळ्याबरोबर गडद लाल उजेडही परत येत असतो, आणि सेन्सरपुढं इन्फ्रारेड अडवायला जी काच बसवलेली असते ती जाता जाता हा गडद लालही बराचसा छाटते. जांभळ्यातला तांबडा असा दोन्हीकडून कापला गेला की उरतो तो निळा. गंमत म्हणजे फिल्मच्या काळात तक्रार बरोबर उलटी होती. काही निळी फुलं रंगीत फिल्मवर गुलाबट यायची, कारण डोळ्याला न दिसणारा लालापलीकडचा उजेड ती फुलं परतवत आणि फिल्म तो इमानेइतबारे नोंदवत असे. त्या दोषाला इंग्रजीत ज्या ॲजेरॅटम फुलाचं नाव पडलं, त्याचीच एक बहीण आपल्याकडे रस्त्याच्या कडेला ओसाडी म्हणून माजलेली असते. यंत्र बदललं, फुलाशी असलेलं भांडण तेच राहिलं.

उरलेलं अर्धं उत्तर त्या पदरात होतं, आणि त्याकडे यायला जरा वेळ लागेल.

साडीच्या दुकानातला प्रसंग कुणाला नवा नाही. गादीवर पन्नास साड्यांचा ढीग, वर ट्यूबलाइट, आणि त्यातली एक साडी उचलून बाई म्हणते, "जरा दारात उजेडात बघू." आत आमसुली वाटलेला काठ उंबऱ्याशी वांगी रंगाचा निघतो, चिंतामणी म्हणून दाखवलेली साडी नुसतीच निळी ठरते, आणि दुकानदार निमूटपणे दुसरा ढीग काढतो. कॅमेऱ्यात ज्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात ते हेच, दारात जाऊन बघणं. फरक इतकाच की बाईला दार कुठं आहे ते ठाऊक असतं आणि ऑटोवर ठेवलेल्या फोनला ते दर फोटोला नव्यानं शोधावं लागतं. चौकटभर हिरवं गवत आणि मध्ये एक जांभळा ठिपका असला की फोन गडबडतो, एकदा थंडाकडे झुकतो, पुढच्या फोटोत गरमाकडे. म्हणून पहिला उपाय हा की त्याला शोधायलाच लावायचं नाही. प्रो मोडमध्ये जाऊन केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या गरम-थंड छटेचा, आकडा हातानं ठेवायचा, मोकळ्या उन्हात ५२०० ते ५५००, ढगाळ असेल तर ६००० ते ६५००. फाइल शक्यतो रॉ, सेन्सरनं टिपलेली कच्ची, घ्यायची, म्हणजे आकडा चुकला तरी घरी फिरवता येतो. जेपेगमध्ये रंग आधीच शिजून आलेला असतो, मीठ नंतर काढता येत नाही. जवळ राखाडी कार्ड असेल तर त्याच उजेडात, फुलाशेजारी धरून एक फोटो. कार्डाऐवजी कोरा पांढरा कागद बरेच जण वापरतात, पण शुभ्र दिसावा म्हणून कागदात जी द्रव्यं घातलेली असतात ती उन्हात निळसर चमकतात, आणि मोजमापच चुकतं.

एवढं करूनही जांभळा पूर्ण जुळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मग घरी सगळा फोटो गुलाबीकडे ओढायचा मोह होतो, आणि फूल सुधारतं पण गवत आजारी दिसायला लागतं. त्यापेक्षा रंगनिहाय सरकपट्ट्यांमध्ये फक्त निळ्याची आणि जांभळ्याची छटा थोडी किरमिजीकडे न्यावी, पाच-पाच अंकांनी, आणि पंधरा-वीसच्या पुढं गेलात तर थांबावं. कुठवर न्यायची याचा दाखला मात्र फोटोत नसतो. तो जागेवरच, फुलासमोर बसून शब्दांत लिहून ठेवावा लागतो: पाकळी पिकत आलेल्या जांभळासारखी, गळ्याशी पांढरट, उन्हात कडा फिकट. वही नसेल तर फोनमध्ये बोलून ठेवा. रंग आठवणीत राहतो असं वाटतं, पण संध्याकाळपर्यंत आठवणीची जागा स्क्रीनवरच्या रंगानं घेतलेली असते.

या दिवसांत न्यू जर्सीहून, बॉस्टनकडून भाचे-पुतणे फोटो पाठवतात. कोजागिरीच्या शुभेच्छा आणि खाली लालभडक मेपल. सुंदरच असतात ते. रात्री गार आणि दिवसा स्वच्छ ऊन मिळालं की पानातलं हिरवं द्रव्य मोडत जातं, खाली दडलेला पिवळा वर येतो आणि लाल तर पान नव्यानं तयार करतं. पण ते बघून आपल्याकडचे लोक शरदाला पानगळ म्हणायला लागतात तेव्हा चुकल्यासारखं होतं. आपली पानगळ शिशिरातली. लालीही आपल्याकडे असते, पण ती फाल्गुन-चैत्रात कुसुंबाच्या कोवळ्या पालवीवर येते, गळणाऱ्या पानावर नाही. आश्विन-कार्तिकात आपल्याकडे काय होतं, तर पाणी उतरतं. आधी आभाळातलं, मग हवेतलं, मग खडकावरच्या मातीतलं आणि शेवटी गवतातलं. हवामान खात्याच्या सध्याच्या वेळापत्रकात पाऊस १७ सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून माघारी निघतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास मुंबई सोडतो. वेळापत्रक तो फारसं पाळत नाही ही गोष्ट वेगळी. त्या तीन-चार आठवड्यांत सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, जे घडतं ते सगळं या उतरत्या पाण्याच्या हिशेबानं घडतं, आणि फोटो काढायचा तर आधी पाणी कुठवर आलंय ते बघायला हवं.

सड्यावर माती असते तरी किती. जांभ्याची ताटली, तिच्यावर कुठं दोन बोटं, कुठं वीतभर, आणि जिथं खळगा आहे तिथं तेवढी साचलेली. पावसाळाभर पाण्यानं धुऊन निघालेल्या या मातीत नत्र जवळजवळ उरत नाही, म्हणून तर सीतेच्या आसवांसारखं एवढंसं झाड मांसाहारी होतं. वरचं फूल साधंभोळं, आणि खाली ओल्या मातीत टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या, सूक्ष्म जीव दाराशी आला की पाण्यासकट आत ओढणाऱ्या. पाण्याचा पातळ पापुद्रा खडकावर आहे तोवर त्यांचा संसार. त्यांच्यात पांढरे ठिपके दिसतात ते गेंदाचे, शर्टाच्या बटणासारखे. पापुद्रा आटायला लागला की दोघं मागं सरतात आणि जरा खोल मातीवर पिवळ्याचं राज्य येतं, सोनकी आणि कवला. कवल्याला हल्ली सगळे मिकी माऊस म्हणतात. पाकळीवरचे दोन तांबडे ठिपके पाहिल्यावर नाव पटतंही, पण कवला म्हणायला काय हरकत आहे? डबक्यांच्या काठानं जांभळी मंजिरी उभी असते, ती पाण्यातच पाय ठेवून असल्यामुळं थोडी जास्त टिकते. त्यामुळं पठारावर पोचल्यावर "फुलं कुठं आहेत?" असं विचारण्यापेक्षा ओल कुठं आहे ते बघावं. चढाची जागा आधी सुकते, खळगा शेवटी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं संपलं म्हणून लोक परततात, तेव्हाही एखाद्या खळग्यात हातभर जागेत पंधरवड्यामागचा सप्टेंबर शिल्लक असतो.

आता गालिच्याबद्दल. २०१२ मध्ये कासला जागतिक वारशाचा शिक्का बसला आणि तेव्हापासून दर सप्टेंबरला एकाच प्रकारचा फोटो फिरतो: क्षितिजापर्यंत जांभळं किंवा पिवळं, मध्ये तसूभर माती नाही. तो बघून साताऱ्याहून पंचवीस किलोमीटर घाट चढून आलेला माणूस गाडीतून उतरतो आणि त्याचा चेहरा पडतो. उभ्यानं खाली बघितलं तर दोन फुलांमध्ये चार बोटं गवत, एखादा काळा दगड, जुनं शेण. फोटो खोटा नसतो, फक्त नजर आडवी असते. गुडघ्याएवढ्या उंचीवरून लांब बघितलं की दहा मीटरवरची फुलं आणि तीस मीटरवरची फुलं एकमेकांवर चढतात, मधली माती झाकली जाते. २०० मिलीमीटरची लेन्स त्यातला गर्दीचा तुकडा कापून देते, म्हणून श्रेय आणि दोष दोन्ही तिच्या नावावर जातात. खरी करामत उंचीची. हे कळलं की गालिचा वाटेवरूनच काढता येतो. वाट जिथं उताराच्या खालच्या अंगाला आहे तिथं बसायचं, म्हणजे फुलं आपोआप डोळ्याच्या पातळीला येतात. फोनमध्ये साधी लेन्स न घेता २ किंवा ३ पटीची टेलिफोटो. कॅमेरा असेल तर ७०-२०० लेन्स, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा, ॲपर्चरचा आकडा; मोठा आकडा म्हणजे बारीक छिद्र), शटर १/५०० च्या खाली नाही, कारण पठारावर वारा नाही असा क्षण दिवसाकाठी फार थोडा वेळ असतो. पण हा फोटो काढल्यावर एक उभ्यानं खाली बघणाराही काढावा, गवत-दगड-शेणासकट. दाखवत कुणी नाही, तरी काढावा.

फुलांत उतरून, पाय पसरून बसलेल्यांचा राग येतो हे खरं. पण "फुलं तुडवू नका" ही पाटी पुरेशी नाही, असंही वाटतं. फुलं दिसतात म्हणून निदान काही पाय थबकतात तरी. ऑक्टोबरात फुलं गेल्यावर सडा मोकळा, रापलेला दिसतो आणि मग सगळे बेधडक चालतात. त्या वेळी दोन बोटं मातीखाली वायतुऱ्यासारख्यांचे कंद पुढच्या पावसाची वाट बघत निजायला गेलेले असतात. ओली माती पायानं दाबली गेली की तशीच घट्ट होऊन सुकते, पाणी मुरायची भोकं बुजतात, आणि पुढच्या वर्षी त्या पाऊलखुणेत गवत येतं, फूल येत नाही. आखलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना बघा, फुलांची रांग जिथं संपते तिथं जुन्या पावलांची हद्द असते. ट्रायपॉडचे तीन पायही यातच धरायचे. वाटेवर मावत नसेल तर छातीशी कॅमेरा टेकवून बसावं, किंवा अर्धा किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी वाटेच्या कडेच्या दगडावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. अशी पिशवी लवचीक, फुकटची, आणि संध्याकाळी भातालाही कामाला येते.

एका फुलाचा जवळून फोटो हा वेगळाच खेळ. फूल कॅमेऱ्यात त्याच्या खऱ्या मापाचं, एकास एक आणलं तर एफ ८ ला नीट दिसणारी खोली जेमतेम एक मिलीमीटर असते. एफ ११ ला सव्वा-दीड. पाकळीच्या कडेवर फोकस ठेवला तर गळा धूसर, गळ्यावर ठेवला तर कडा गेली. म्हणून नवखे लोक एफ २२ कडे धावतात. पण इतक्या जवळून मूळ आकडा प्रत्यक्षात दुपटीसारखा वागतो, उजेड पसरतो आणि सगळंच सारखं मऊ होऊन जातं. निम्म्या मापावर समाधान मानलं तर एफ ८ लाच खोली तिप्पट, तीनेक मिलीमीटर होते. थोडं मागं सरकण्यानं जितकं मिळतं तितकं ॲपर्चर बारीक करून मिळत नाही. ऑटोफोकस बंद करायचा, लेन्सवर अंतर एकदा ठेवायचं आणि मग कोपरं मांडीवर टेकून शरीरच केसभर पुढं-मागं डोलवत फूल स्पष्ट होईल त्या क्षणी दाबायचं. दहातले दोन निघाले तरी चांगली सकाळ म्हणायची. पिवळ्या फुलाला उजेडाचं मोजमाप अर्ध्या ते पाऊण स्टॉपनं कमी ठेवा; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. सोनकी कॅमेऱ्याला फसवते. एकूण उजेड ठीक दाखवतो, पण सेन्सरवरची लाल रंगाची नोंद आधीच भरून वाहिलेली असते, मग पाकळीच्या शिरा जाऊन नुसता पिवळा रंगगोळा उरतो. गेंदाच्या पांढऱ्याचं तसंच. फोनवर फुलावर बोट दाबून धरून फोकस कुलूपबंद करायचा आणि शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढायचं. फोनचा मॅक्रो मोड फुलाच्या दोन-तीन सेंटीमीटरवर नेतो, तिथं फोनचीच सावली फुलावर पडते. टेलिफोटोनं हातभर लांबून घेतलेला फोटो बहुतेक वेळा सरस निघतो.

गाडीत एसी लावून घाट चढू नका, ही सूचना फोटोग्राफीच्या पुस्तकात पहिल्या पानावर असायला हवी. गार कॅमेरा पठारावरच्या दमट हवेत काढला की काचेवर घाम धरतो, पुसला तर पुन्हा धरतो, आणि पहाटेचा सगळ्यात चांगला उजेड काच पुसण्यात जातो. यवतेश्वरच्या घाटाआधीच एसी बंद, काचा खाली, आणि बॅग उघडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं तशीच मिटलेली. पावसाळाभर कपाटात पडून राहिलेल्या लेन्स या दिवसांत एकदा टॉर्चच्या उजेडात आरपार बघून घ्याव्यात. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी; सुरुवातीला निघते, उशीर झाला की काचेवरचा लेप खाऊन कायमची खूण ठेवते.

दव पडायला लागलं की शरद आला. पावसाळ्यात ढगांची गोधडी जमिनीवर असते, रात्रीची ऊब धरून ठेवणारी. ती सरकली की उघड्या आभाळाखाली गवताची पात हवेपेक्षाही गार होते आणि हवेतली वाफ तिच्यावर उतरते. असं दव सूर्य वर आल्यावर तासा-दीड तासाचं सोबती. ऑक्टोबरात सव्वासहा-साडेसहाला उजाडतं, म्हणजे आठच्या आत सगळं आटपायचं. सूर्य समोर, पण चौकटीबाहेर. मागं अजून सावलीत असलेला उतार, म्हणजे थेंब उजळतात आणि पार्श्वभूमी काळोखी राहते. कोळ्याचं जाळं असेल तर लेन्सचं तोंड जाळ्याला अगदी समांतर हवं, जरा तिरकं झालं की अर्धं जाळं गेलं. लेन्सवर हूड लावलेलाच असावा. काही जण स्प्रेची बाटली घेऊन येतात. ओळखू येतं ते लगेच, कारण खरं दव पातीवर बारीक आणि एकसारखं धरतं आणि फवारा कुठंही, कसल्याही मापाचा बसतो.

नऊला सगळं दव विरतं आणि तरी एक जागा चमकत राहते.

ती गवती दवबिंदूची. बोटभर उंचीचं, तांबूस, शेवयांसारख्या पानांचं झाड. पानाच्या प्रत्येक केसाच्या टोकावर एक थेंब, तो पाण्याचा नसून डिंकासारखा चिकट. ऊन चढलं तरी वाळत नाही. खाली वाकून बघितलं तर एखाद्या पानावर चिलट अडकलेलं असतं, सहापैकी दोन पाय अजून मोकळे, आणि आजूबाजूचे केस अगदी सावकाश त्याच्याकडे झुकत असतात. इतके सावकाश की बघताना हालचाल दिसत नाही. कॅमेरा दगडावर टेकवून दर दोन मिनिटांनी एक फोटो घेतला तर अर्ध्या-पाऊण तासानं फरक दिसतो. फोकस केसावर ठेवू नये, थेंबावर ठेवावा. सूर्य मागून येऊ द्यावा. शटर १/२५० च्या वर, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ४००-८०० झाला तरी चालेल. त्या पाऊण तासात सुंदर वाटतं आणि ओशाळंही वाटतं. चिलटाला सोडवावं असं मनात येतं, आणि झाडानं खायचं काय, असंही.

ऑक्टोबरअखेर सड्यावरची गर्दी ओसरते, शिट्ट्या बंद होतात, आणि डोंगरउतारांवरचं गवत रंगायला लागतं. हा रंग फुलांइतका मिरवला जात नाही, पण शरदाचा म्हणून जो काही रंग आपल्याकडे आहे तो हाच: आधी शेंड्याला तांबूस, मग तांब्याचा, मग पितळी, आणि दिवाळी उलटली की फिका गव्हाळ. कुसळीच्या लांब मिशा वाळताना एकमेकींत गुंतून पीळ धरतात, मोज्यांत घुसतात, घरी आल्यावर तासभर चिमट्यानं काढत बसावं लागतं. गवताचा फोटो दुपारी मरतो. संध्याकाळी शेवटचा अर्धा तास, सूर्य आणि आपण यांच्यामध्ये गवत, आणि सूर्य एखाद्या जाड काडीमागं लपवलेला. मोजमाप उजळलेल्या तुऱ्यावर घ्यायचं, बाकी काळं पडलं तर पडू द्यायचं. वारा थांबायची वाट बघण्यापेक्षा एकदा १/८ सेकंदावर काढून बघा; काड्या विरघळतात आणि वाऱ्याची दिशा तेवढी कागदावर राहते. तेव्हा पोलरायझर, चकाकी कापणारी लेन्सपुढची काच, काढून ठेवा, तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो आणि सूर्य समोर असताना त्याचा उपयोग शून्य. त्याची जागा सकाळी ओल्या दगडावर, पानांवरची पांढरी चकाकी काढायला.

कोजागिरीचा चंद्र मात्र कोजागिरीला काढू नये. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो आणि जरा वर येऊन नजरेत भरेपर्यंत डोंगर काळे पडलेले असतात. मग एक तर चंद्र पांढरी टिकली होतो नाही तर डोंगर शाई. आदल्या संध्याकाळी तो साधारण पाऊण तास आधी वर येतो, तेव्हा डोंगरावर अजून ऊन असतं आणि चंद्रावरचे डाग आणि उतारावरचं गवत एकाच फोटोत मावतात. एफ ८, १/१२५, आयएसओ १०० ते २०० पासून सुरुवात करा. कोजागिरीच्या रात्री नुसतं मसाला दूध प्यावं.

तो पदर राहिला.

शरदात आभाळ धुतलेलं असतं. धूळ नाही, वाफ कमी, ढग विरळ; म्हणून तर ते इतकं निळं दिसतं. अशा आभाळाखाली एखाद्या गोष्टीवरचं थेट ऊन अडवलं की तिच्यावर उजेड पडतो तो नुसत्या आभाळाचा, म्हणजे निळा. डोळा ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो, आपल्याला कळतही नाही. कॅमेऱ्याच्या आकड्यात तो उजेड ७००० केल्विनच्याही पुढं जातो. त्या बाईंनी स्क्रीन दिसावी म्हणून पदर धरला, आधीच तांबडा गमावलेल्या फुलावर आभाळाचा निळा ओतला गेला, आणि आसवं निळी झाली. हेच फूल, हाच फोन, हाच पदर ऑगस्टमधल्या ढगाळ दुपारी असता तर फोटो पुष्कळ जांभळा आला असता. तेव्हा पदराची गरजही पडली नसती. सावली करायचीच तर पदराऐवजी पांढरी, उजेड झिरपणारी छत्री हवी होती, ऊन गाळून देणारी. किंवा थोडा वेळ.

त्या दोघी तळ्याच्या वाटेला लागल्यावर पाच-सात मिनिटांत पश्चिमेकडून एक ढग आला. लहानसाच. वाऱ्यालाही मिनिटभर काही सुचेना. फुलं डुलायची थांबली, कडक सावल्या पुसल्या गेल्या, आणि त्या वाटेकडेच्या तुकड्यातली सगळी आसवं पिकत आलेल्या जांभळाच्या रंगाची झाली. समितीचा माणूस शिट्टी खिशात ठेवून तिथंच दगडावर टेकला होता. त्यानं बिडी काढली, फुलांकडे बघितलं, आणि परत खिशात ठेवली.